चौथी फुली

माझ्या नणंदेच्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आबांनी, आयुष्यभर हजारो चित्रं छापली आणि एकही पाहिलं नाही. पाहिल्या त्या फक्त चित्राच्या कडेच्या खुणा. अकोल्याला जठारपेठेत त्यांची स्क्रीन प्रिंटिंगची खोली. शाईचा उग्र, गोडसर वास तिथल्या भिंतींनाही लागलेला. लग्नाला गेले, की अक्षता मुठीत तशाच राहत आणि आबा पत्रिका डोळ्यांशी धरून वरबापाला ऐकवत, "गणपतीचा लाल सरकला, भाऊ." एकदा त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायला लावलं; त्यातला निळा काळ्यावर बसला नव्हता, म्हणून आपला रक्तदाब चढतो म्हणे.

आमच्या गाण्याच्या बाई अमरावतीला असतात, माहेर संत्र्यांच्या शेंदूरजनाघाटचं. त्यांची दृष्टी गेली आहे. त्यांच्या गाण्यांची सीडी संध्याकाळी त्यांच्याच हातात ठेवायची होती आणि तिच्या गोल लेबलावर मी काळी फांदी, तीन केशरी संत्री रेखली होती. स्क्रीनची शाई कागदावर किंचित उठून राहते. बाई चित्र बोटांनी पाहणार होत्या. संत्रं फांदीवरून ढळलं, तर ते त्यांना नक्की कळणार होतं.

प्रत्येक रंग वेगळा छापतात. चित्राबाहेर चार कोपऱ्यांत चार फुल्या असतात. दुसऱ्या रंगाच्या फुल्या पहिल्याच्या फुल्यांवर बसल्या, की रंग आपापल्या जागी पडतात. आबांनी सांगितलेल्या आखणीत चौथी फुली जराशी आत होती. माझ्या डोळ्यांना ती खुपली. त्यांना न विचारताच मी तिला संगणकावर इतर तिघींच्या ओळीत आणलं.

काळा रंग दुपारी वाळला. अमरावतीच्या बसला दीड तास उरला होता. आबांनी घाईतच केशरी रंगाची स्क्रीन, म्हणजे जाळीची चौकट, लावली, फुल्या जुळवल्या, श्वास रोखून रबरी पट्टी ओढली. फुलीवर फुली चोख बसली, आणि संत्री फांदी सोडून खालच्या मोकळ्या जागेत पडली.

"चौथी फुली कोनं हलवली वं?"

"मी, आबा. वाकडी दिसत होती."

"दिसू दे ना! गोलाले डोकं नसते. चारी सारख्या केल्या, का स्क्रीन उलटी लागली तरी पत्ता लागत नाही. मनून तं एक वाकडी ठेवतो मी."

उलटी लागलेली स्क्रीन सोडवून पुन्हा बसवायला, जुळवायला वेळ नव्हता. आबांनी तो बिघडलेला कागद हातात फिरवून पाहिला. मग त्यांनी काळी फांदी छापलेला दुसरा कागद उचलला आणि डोकं खाली करून ठेवला. फुल्या पुन्हा तितक्याच चोख बसल्या. पट्टी फिरली. तिन्ही संत्री फांदीला लागली.

"तुह्या नीटनेटकेपनानं बुडवलं, अन् त्यानंच काढलं," आबा म्हणाले. "पन पुन्हा हात लावशीन, तं याद राख."

संध्याकाळी बाईंचं बोट फांदीवरून सावकाश सरकत गेलं, टोकाशी थबकलं. "पिकलंय गं," त्या पुटपुटल्या. सीडींचं खोकं उचलून आलेले आबा माझ्या मागेच उभे होते. मान लांबवून त्यांनी त्या बोटाखालचं चित्र पाहिलं. मला वाटतं, पहिल्यांदाच.

आता त्यांचा हात कापतो. खोली बहुधा बंदच असते. लेबल गोल कापलं, की कडेच्या फुल्या कचऱ्यात जातात. त्या दिवशीची एक कड मात्र मी वहीत जपली आहे. चौथी फुली तिथे अजून ओळीतच आहे. तिला हलकेच आत ओढून घ्यावंसं वाटतं.