पाठ कोणाची आधी लागली

भडगावात ज्ञानचंद कोण म्हणून विचारलंत, तर कोणीही सांगेल: भंवरलालशेठचा मुलगा, बाजारपेठेत सरकी-ढेपेचं दुकान. आणि लगेच पुढचं वाक्य जोडेल, "तोच तो, लोटन पहिलवानाकडून हरलेला!" अहो, हे सांगणाऱ्यांतले निम्मे तेव्हा जन्माला यायचे होते. त्या कुस्तीचा पंच मी होतो. मी निंबा शिंपी. तेव्हा बाकीच्यांनी जरा तोंड मिटावं आणि मला सांगू द्यावं.

सदुसष्ट साली ज्ञानचंद मुंबईहून बी.कॉम. होऊन आला. बापाने पाठवलं होतं व्यापार शिकायला, आणि चिरंजीव परतले कमरेला पिवळा पट्टा बांधून. म्हणे ज्युदो शिकलो. आल्या आल्या माझ्याकडे कोट शिवायला टाकला. जाड मांजरपाट, तोही दुहेरी, आणि गळ्याच्या पट्टीला चार-चार टिपा. का, तर समोरच्याने तो धरून आपल्याला ओढायचं असतं! बटण नाही, खिसा नाही. भंवरलालशेठ दुकानाच्या दारात उभे राहून बघत होते. "निंबा, बिनखिशाचा कोट? आमच्या सात पिढ्यांत असला कपडा कोणी अंगाला लावला नाही रे!"

कोट झाला. ज्ञानचंद म्हणाला, "निंबाभाऊ, आता घालून पडून बघा."

"मी शिंपी आहे बाबा."

"पण शिवण उसवते का, ते पडल्याशिवाय कळणार कसं?"

झालं! त्याच्या बापाच्या गोदामात भुशाच्या पोत्यांवर चाळिशीचा मी महिनाभर पडत होतो. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, आणि पडता पडता हात सपाट आपटायचा. म्हणजे दणका हातात जातो आणि डोकं वाचतं. पुढून पडा, मागून पडा, कुशीवर पडा. आणि शेवटी गुडघे आणि हात जमिनीला टेकून एकमेकांना वाकून नमस्कार. तो झाल्याशिवाय वर्ग संपत नसे. माझी बायको ताईबाई म्हणाली, "लोक या वयात कसंबसं उठायला बघतात, आणि आमचं ध्यान पडायला जातं."

वर्गाला सुरुवातीला अकरा पोरं आली. गावाला वाटलं, आता काहीतरी जबरदस्त बघायला मिळणार. शाळेतल्या अभिमन मास्तरांनी पहिल्याच दिवशी वीट आणली. "फोड."

"मास्तर, ते कराटे. हे ज्युदो."

"मग तू काय फोडतोस?"

"काही नाही. यात कोणाला मारायचंच नसतं. समोरच्याचाच जोर वापरून त्याला पाडायचं."

"आणि कोणी चाकू घेऊन आला तर?"

"पळायचं," ज्ञानचंद म्हणाला. खरं तेच सांगितलं बिचाऱ्याने, पण खरं बोलून कोणाचा वर्ग चाललाय? मास्तर वीट घेऊन परत गेले. लाठीवाले म्हणाले यात काठी नाही, दांडपट्टेवाले म्हणाले यात पट्टा आहे पण कमरेलाच बांधलेला. भंवरलालशेठना तेवढं एक बरं वाटलं, की मारामारी नाही, म्हणजे आपला अहिंसेचा धर्म तरी बुडत नाही.

पण गाव तालमीचं. लोटन पहिलवानाच्या तालमीत लहानपणापासून एकच शिकवण: जीव गेला तरी चालेल, पाठ मातीला लागता कामा नये. पाठ लागली की तोंड दाखवायला जागा नाही. मीही त्याच तालमीतला. एके दिवशी लोटनने गोदामाच्या खिडकीतून डोकावून बघितलं. ज्ञानचंद एकटाच धाडकन पडत होता, उठत होता, पुन्हा पडत होता. लोटन पोट धरून हसला. "हाई काय शे रे? समोर कोनी नही, तरी हाऊ रोज हारी राहिना!"

समोर कोणी नाही तरी रोज हरतो, हे वाक्य आठवडाभरात गावभर झालं. आयांनी पोरं काढून घेतली. पडायला काय शिकवणी लावायची, ते तर पोरांना आपोआप येतं! अकराचे चार झाले. बाजारात लोक भंवरलालशेठना विचारू लागले, "शेठ, आज मुलगा किती वेळा हरला?" शेवटी शेठ चिडले. मुलाला म्हणाले, "आखाजीच्या दंगलीत लोटनला पाडून दाखव. पाडलंस तर गोदाम तुझं, तुझा वर्ग तुझा, मी मध्ये बोलणार नाही. नाही पाडलंस तर गादीवर बसायचं आणि ज्युदोचं नाव पुन्हा काढायचं नाही. कबूल?"

ज्ञानचंद कबूल झाला. त्याचा सगळा जीव त्या गोदामात होता.

मग लोटनशी बोलणी. ज्ञानचंद म्हणाला, उघड्या, माती लावलेल्या अंगाला मी काय धरू? पहिलवानानेही कोट घालायचा. लोटन आधी नाही-नाही म्हणाला, मग म्हणाला, घालतो, पण नियम आमचा. ज्याची पाठ आधी लागली तो हरला. ज्ञानचंद खूश! "आमच्यातही तसंच, पाठीवर पाडलं की जिंकलं," म्हणाला आणि हात मिळवून मोकळा झाला. अरे, व्यापाऱ्याचा मुलगा ना तू? अट पुन्हा एकदा वाचून घ्यायची नाही? ज्युदोत एक डाव आहे. त्यात आपणच मुद्दाम खाली पाठीवर पडायचं, समोरच्याच्या पोटाला पाय लावायचा आणि त्याला डोक्यावरून पलीकडे फेकायचं. त्यांच्यात ते पडणं हार धरत नाहीत. ज्ञानचंदने हा डाव मला गोदामात दहा वेळा समजावला होता. सगळ्या भडगावात तो माहीत असलेला त्याच्याखेरीज माणूस एकच. पंच.

आखाजीला, म्हणजे अडुसष्टच्या अक्षय्य तृतीयेला, गिरणा नदीच्या वाळवंटात माणूस मावत नव्हता. मी शिवलेल्या कोटात लोटन अवघडून उभा. सलामी झाली. लोटनने मुसंडी मारली, ज्ञानचंद मागे सरला, आणखी सरला, आणि अचानक लोटनच्या खाली जाऊन पाठीवर लोळला. पुढच्या क्षणी तो सव्वाशे किलोचा गडी हवेत! आठ फुटांवर जाऊन आदळला. पण पहिलवानाची सवय ती. पाठ लागू नये म्हणून त्याने हवेतच अंग वळवलं आणि हात खाली टेकला. कट्कन आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो, आणि मागोमाग त्याची पाठही लागली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ज्ञानचंदही. तो उठून बसला होता आणि हसत होता. निंबाभाऊला माहीत आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

आणि मी म्हणालो, "ज्ञानचंदची पाठ आधी लागली. लोटन विजयी."

नियम तो नियम, असं मी पुढे नऊ वर्षं लोकांना सांगत राहिलो. खरं सांगू? मी घाबरलो. तालीम माझी, गाव माझं, गिऱ्हाईक माझं. डाव समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी नाही सांगितला. लाज वाटते.

विजयी पहिलवान बैलगाडीतून हाडवैद्याकडे गेला. हरलेला आपल्या पायांनी घरी गेला. जाण्याआधी ज्ञानचंदनेच कमरेचा पिवळा पट्टा सोडून लोटनचा हात गळ्यात बांधून दिला होता. तो पट्टा परत आला नाही. तालमीत खुंटीला टांगला आहे, लोटनने जिंकलेला म्हणून दाखवतात! भंवरलालशेठ बोलले, "बनियाच्या पोराने अट वाचली नाही," बस, एवढंच. गोदामात पुन्हा सरकी भरली. ज्ञानचंद गादीवर बसला. मला रस्त्यात भेटला की 'निंबाभाऊ' म्हणायचा, पहिल्यासारखंच. तेच जास्त लागायचं.

सत्याहत्तर साली मी दुकानावर नवी पाटी लावत होतो. शिडी सरकली. दहा फुटांवरून मागच्या मागे, खाली फरशी. विचार करायला वेळ कुठला! हनुवटी आपोआप छातीला गेली, पाठ गोल झाली, हात सपाट आपटला. लोक धावत आले, निंबा गेला म्हणत. मी उठून बसलो. कंबर ठणकत होती, बाकी काही नाही. ताईबाई रडत रडत शिव्या देत होती.

मी तसाच ज्ञानचंदच्या दुकानात गेलो. चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोरच म्हणालो, "ज्ञानचंद, त्या दिवशी तू जिंकला होतास. मला ठाऊक होतं. मी खोटा निकाल दिला." आणि पुढे म्हटलं, "आत्ता शिडीवरून पडलो."

त्याने विचारलं, "हनुवटी?"

"छातीला."

"हात?"

"सपाट आपटला."

तो गादीवरून उठला, माझ्यासमोर खाली बसला आणि हात जमिनीला टेकून मला वाकून नमस्कार केला, गोदामात वर्ग संपताना करायचा तसा. मीही खाली बसलो. कंबर फार दुखत होती. तरी वाकलो.