जड ट्रिगर

मेलबर्नच्या क्लेटन भागातल्या आमच्या युनीच्या रायफल क्लबात एक कोल्हापूरचा पोरगा येतो. मला तो बघवत नाही. क्लबच्या रायफलींचे ट्रिगर इतके जड, की ओढताना नेम हलतो. नवे बसवायला क्लबकडे पैसे नाहीत. मी तडक युनिव्हर्सिटीविरुद्ध पत्रक काढलं: परदेशी विद्यार्थ्यांकडून भरमसाट फी घेता, मग आमच्या हातात हे भंगार का? सगळ्यांनी सह्या केल्या, त्यानेही केली. आणि सही करून हा गडी रिकाम्या रायफलीच्या नळीवर नाणं ठेवून ट्रिगर ओढत बसला. रोज तेच.

"नाणं पडलं न्हाई की ट्रिगर सुधारला म्हणायचं, भावा."

नुसतं बोलतानाही त्याची तर्जनी हळूहळू वाकत असते.

टीममध्ये एकच जागा होती. निवडीच्या दिवशी मी सगळ्यांदेखत ओरडलो, "सगळ्यात जड ट्रिगरची रायफल मलाच का? हा अन्याय आहे!"

त्याच्याकडची त्यातल्या त्यात हलकी होती. ती त्याने माझ्यापुढे ठेवली. "माझी घे की. तुझी दे हिकडं. नो वरीज."

जागा त्यालाच मिळाली. हरणं मी पचवलं असतं, पण या माणसाने मला रडायलाही निमित्त ठेवलं नाही. आता पत्रक काढायचं तर कुणाविरुद्ध?