दगाने हवा पुरी भरली असेल का?

दगाचा दम आज नदीकाठी पुरला नसणार, आणि तसं तो कुणाला सांगणार नाही. संध्याकाळपासून हेच डोक्यात फिरतंय. घरातले सगळे झोपलेत. मी दिवा लावून लिहीत बसले आहे, म्हणजे निदान हात तरी कामात राहील.

दगा आमचा ड्रायव्हर. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने ह्याचं नाव दगड ठेवलं, त्याचा दगा झाला. मृत्यूला दगड कशाला हवा, असा तिचा हिशेब. तो जगला, पण तरुणपणी जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या धुरळ्यात राबला आणि छातीत दमा घेऊन बाहेर पडला. मग कळसाडीच्या एका गुजराच्या ट्रकवर कापसाच्या गाठी वाहता वाहता गाडी चालवायला शिकला. ह्यांची वकिली शहाद्यात जमली आणि आम्ही गाडी घेतली, तेव्हापासून तो आमच्याकडे आहे.

आमच्याकडून नंदुरबारला जायचं तर तापी ओलांडावी लागते. उन्हाळ्यात पात्रात नुसती वाळू. फुगलेलं चाक वाळूत रुततं, म्हणून अलीकडच्या काठावर दगा चारही टायरांतली हवा सोडतो. चाक पसरतं आणि गाडी उंटासारखी पलीकडे जाते. पलीकडे पुन्हा हवा भरायची, कारण पुढे डांबरी सडक. पंप हाताचा. एक टायर दगा भरणार आणि उरलेले गाडीतले पुरुष, असा आमच्या गाडीचा रिवाजच झाला आहे. दम्याचं नाव कुणी काढत नाही. एकदा गाडीत कापसाचे व्यापारी चुनीलालशेठ होते. ते पंपापासून लांब उभे राहून पान लावायला लागले तसा दगा म्हणाला,

"शेठ, वजनसाठे कापूसले पानी मारतस, आते टायरले हवा मारा!"

"अरे, मन्हं वय दख!"

"वय नको सांगा, पोट दखी ऱ्हायनू. तेन्हामा हवाच हवा शे."

शेठ हसत हसत पंपावर आले.

दगा हवा डोळ्यांनी मोजतो. टायर जमिनीला टेकतो तिथे त्याचं पोट किती सुटलंय ते बघतो, वर एक लाथ मारतो, आवाज ऐकतो. जुन्या उंच चाकांच्या गाडीवर त्याचा अंदाज कधी चुकला नाही. पण गेल्या वर्षी ह्यांनी ही नवी गाडी घेतली. तिची चाकं लहान, टायर बुटके आणि रुंद. नंदुरबारच्या हीरालाल मिस्त्रीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वकीलसाहेब, या टायरचं पोट मुळातच दिसत नाही. नरम असला तरी भरल्यासारखा वाटतो. सडकेवर हवेचा दाब सव्वीस पौंड पाहिजे, आणि तो काट्यानेच बघा. कमी हवेवर उन्हात पळवलात तर टायर आतून तापून फुटेल. जास्त भरलात तर खड्ड्यात मार बसेल."

तो हवा मोजायचा काटा दगाने फडक्यात गुंडाळून पुढच्या कप्प्यात ठेवून दिला. "डागदरना मायक नाडी दखत बसू का?" म्हणाला. होळीला माझे दीर हिंमतराव आले होते. त्यांनी चार पाहुण्यांसमोर तोच काटा काढून टायराला लावला. दगाने गाडीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि भर उन्हात पायी घरी गेला. परत आणायला हे स्वतः गेले.

आज दुपारी माझी सरला बाळंतपण आटोपून सासरी सुरतेला निघाली. जावई न्यायला आले होते. कडेवर अडीच महिन्यांचं बाळ. आज नंदुरबारला ह्यांच्या स्नेह्यांच्या, पुखराजजींच्या घरी मुक्काम, उद्या सकाळी निघून नवापूरमार्गे सुरत. संध्याकाळी नदीपात्रात टरबुजांची वाडी लावणारी भुरीबाई फळं घेऊन दारात आली आणि सहज बोलून गेली,

"तुमनी गाडी गई ना बाई पार. ते जावई मोठा गुणना शेत. पंप धराले उतरनात खाली."

"मग? भरली का त्यांनी हवा?"

"कशानी? दगा हातच जोडी उभा ऱ्हायना. म्हने, जावईले पंप माराले लावू का? मन्ही काय इज्जत ऱ्हाई? बसाड दिनं त्येसले गाडीमा."

"मग दगानेच भरली?"

"भरी ना. एक चाकले भरी, मंग खोकत बसना. मंग बाकीनासले लाथा मारी दख्यात, म्हने, चला, झायं."

जावयाकडून काम करवून घ्यायचं नाही, हे आम्हीच दगाला शिकवलं. लग्नात जावयाच्या हातातला पाण्याचा तांब्यासुद्धा त्याने काढून घेतला होता. आता तीन टायर वाळूतल्या हवेवर आहेत आणि दिसताहेत मात्र भरलेले. नंदुरबारपर्यंत सडक थोडी आणि ऊन उतरतीचं, पोचले असतील. उद्या मात्र चढणी, उतरणी, वळणं आणि वैशाखाचं ऊन. मागच्या सीटवर सरला, तिच्या मांडीवर बाळ.

जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "दगा इतकी वर्षं गाडी चालवतोय. तू पुखराजजींना कळवशील, ते जावयांना सांगतील, जावई काटा काढतील. मग किल्ली ठेवून दगा निघाला तर? पोरगी लेकरू घेऊन तिथेच अडकेल."

"आणि टायर फुटला तर?"

"तू उगाच वाईट चिंततेस."

हे झोपले. मी दोनदा अंगणात जाऊन आले. टेलिफोनवर हात ठेवला आणि काढला. ह्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. दगाचं मन दुखावलं तर तो गाडीत बसणार नाही, आणि रागात बसला तर ते आणखी वाईट. पण निरोप पुखराजजींनाच का द्यायचा? जावयांना तरी का? दगालाच बोलावता येईल. आणि हवा कमी आहे असं मी म्हणायचंच कशाला? "दगाभाऊ, उद्या निघायच्या आधी जावयांच्या हातात पंप दे. टायर त्यांनीच भरायचे आणि काटाही त्यांनीच लावायचा. बाळाचा पहिला प्रवास आहे, बापाचा हात लागू दे. मी सासू सांगते आहे." सासूने हुकूम केला तर जावयाचा मान जात नाही, आणि दगाचाही जात नाही. तो कुरकुरेल, "बाई, तुमनंबी काही खरं नही," म्हणेल. म्हणू दे.

एक्स्चेंजमधला रात्रीचा माणूस डुलक्या घेत असेल. त्याला उठवते. नंदुरबार, अर्जंट, पुखराजजींचं घर. आणि फोन कुणीही उचलला तरी सांगणार आहे, ओसरीवर दगा झोपला असेल, त्याला तेवढं टेलिफोनवर बोलवा.