तुंबा घोरेपर्यंत

“अजून घोरला नाही,” असं म्हणून तो तुंबा पुन्हा आपल्याच हातात ठेवायचा. आपण तीन घोट घेतलेले असायचे, जीभ कडूजहर झालेली असायची, आणि हा मात्र शांतपणे थांबून राहायचा. वाळलेल्या भोपळ्याचा तो तुंबा, त्यात हिरव्या पानांचा चुरा, वर गरम पाणी आणि ओढायला धातूची नळी. तळाचं पाणी संपलं की नळीतून घर्रर्र असा आवाज येतो. त्याच्या गावात त्याला तुंबा घोरला म्हणतात. तो घोरल्याशिवाय परत द्यायचा नसतो, आणि तसं बजावणारा त्याच्या भाषेतला एक शब्द मला पाठ झाला होता.

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या ज्या हॉस्पिटलात मी पॅथॉलॉजीमध्ये आहे, तिथे तो वॉर्ड्समन होता. म्हणजे पेशंटला स्ट्रेचरवरून इकडून तिकडे नेणारा माणूस. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, भुरक्या केसांचा. ब्राझीलचा आहे म्हटल्यावर लोक त्याला हमखास फुटबॉलबद्दल नाहीतर नाचाबद्दल विचारत. “आमच्या भागात थंडी असते, द्राक्षं असतात आणि म्हाताऱ्या असतात,” एवढंच तो सांगायचा. ब्राझीलच्या पार दक्षिणेला, डोंगरात, त्याचं लहानसं गाव होतं. तिथे त्याची आई होती, चुलीपुढे उभी राहून मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं ढवळणारी. एका मुलीच्या पाठीवरचा हा तिचा एकुलता एक मुलगा.

तुम्ही कधी मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला गेला असाल तर तुमच्या लक्षात आलं असेल, खरं हॉस्पिटल तिथेच असतं. आमच्याही मागे मळक्या चादरींच्या ट्रॉल्या होत्या, एक बाक होतं आणि लांबवर पोर्ट केम्बलाच्या कारखान्याची धुरांडी दिसायची. सकाळच्या ब्रेकला तो थर्मास आणि तुंबा घेऊन तिथे बसायचा. सफाईचं काम करणारी एक मॅसिडोनियन बाई असायची आणि हळूहळू मीही जाऊ लागले. तुंबा एकच, नळी एकच. एकाने प्यायचा, त्याने भरायचा, दुसऱ्याला द्यायचा.

आता मी वाढले ठाण्यात, कडक आईच्या हाताखाली. आमच्याकडे पाण्याचा तांब्या ओठांना लावला तर आई तो आंब्याच्या झाडाखाली ओतायची. उष्टं म्हणजे उष्टं. त्यातून माझा दिवस जातो जंतू बघण्यात. त्यामुळे त्याने पहिल्यांदा तुंबा पुढे केला तेव्हा मी एप्रनच्या खिशातून स्पिरिटचा स्वॅब काढला, पाकीट फाडलं आणि सगळ्यांसमोर ती नळी वरपासून खालपर्यंत पुसली. मॅसिडोनियन बाई आ वासून बघत राहिली. पुढे कळलं की त्याच्या गावात नळीला नुसतं हलवलं तरी लोक नाराज होतात. पुसणं तर कुणी ऐकलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाकावर तुंब्याशेजारी एक बशी होती आणि तिच्यात माझ्यासाठी चार स्वॅबची पाकिटं नीट मांडून ठेवलेली होती. “घे, दोना,” तो म्हणाला. दोना म्हणजे आपल्याकडे मानाने ‘बाई’ म्हणतात तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी आठवडाभर मी पुसतच होते, सवय कुठे जाते? मग एके दिवशी पाकीट न फोडताच प्यायले. त्याने पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून बशी आली नाही.

पहिला तुंबा नेहमी तो स्वतः प्यायचा. पहिलं पाणी कोमट आणि अति कडू उतरतं, ते पाहुण्याला द्यायचं नसतं. “वाईट ते माझं,” असं म्हणून तो तोंड वाकडं करून संपवायचा आणि मग दुसरा चांगला भरून आम्हाला द्यायचा. कामातही त्याचं तेच. उलटी झालेला पेशंट, अंगावर धावून येणारा पेशंट, शवागाराची फेरी, कुणी तोंड उघडायच्या आत हा उठलेला असायचा.

ब्रेकमध्ये तो आम्हाला बोलता बोलता गावाला न्यायचा. “काल कुठपर्यंत आलो होतो?” असं विचारायचा. मॅसिडोनियन बाई म्हणायची, “पुलापर्यंत.” मग पुलापासून पुढे. बस थांबते ती जागा, दुकानदाराचा लंगडा कुत्रा, दगडी देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च, त्याच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या, चढ, निळं फाटक, द्राक्षांचा मांडव, स्वयंपाकघर. दाराशी आलं की तो थांबायचा. “आत पुढच्या वर्षी जाऊ,” म्हणायचा. नऊ वर्षं तो गेला नव्हता, कारण कायमच्या वास्तव्याचे कागद झाले नव्हते. ते दोन हजार एकोणीसच्या शेवटी झाले. त्याने एप्रिलचं तिकीट काढलं आणि आम्हाला दाखवायला आणलं.

मार्चमध्ये साथ आली आणि देशाच्या सीमा बंद झाल्या. बाहेरचा आत नाही आणि परवानगीशिवाय आतला बाहेर नाही. बाकावर पट्ट्या चिकटवल्या गेल्या, एका वेळी एकच माणूस. तुंबा तर कुणाला देण्याचा प्रश्नच नव्हता. तो एकटाच पट्ट्यांच्या मध्ये बसून प्यायचा आणि आम्ही आपापले मग घेऊन लांब भिंतीशी उभ्या. पहिलाही तोच प्यायचा, दुसराही तोच. मी एकदा ओरडून विचारलं, “गाव कुठपर्यंत आलं?” त्याने मान हलवली. “ओरडून नाही जाता येत, दोना,” तो म्हणाला.

त्या दिवसांत पेशंटला भेटायला कुणालाही आत सोडत नव्हते. एक म्हातारे गृहस्थ पहिल्या मजल्यावर होते आणि त्यांची बायको रोज दुपारी येऊन कारपार्कात उभी राहायची. एक्स-रेला नेताना हा त्यांचा पलंग जिन्याजवळच्या मोठ्या खिडकीशी वळवायचा आणि पाच मिनिटं तिथेच थांबायचा. खाली बायको हात हलवायची, वर ते. उशीर का झाला म्हणून विचारलं की म्हणायचा, “लिफ्ट आली नाही.” आमच्या हॉस्पिटलची लिफ्ट त्या वर्षी इतकी बदनाम झाली की शेवटी दुरुस्तीवाला येऊन बघून गेला.

देशाबाहेर जाण्याच्या परवानगीचा त्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला. डॉक्टरच्या चिठ्ठीत आईचं वय आणि ब्लड प्रेशर एवढंच होतं. तो कागद घेऊन माझ्याकडे आला. “दोना, तुझं इंग्लिश चांगलं आहे. तू लिही.”

मला पत्रं लिहायची भारी हौस. ठाण्यात सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारीपासून शेजारच्या मुलीच्या व्हिसापर्यंत सगळी पत्रं मीच लिहायची, आणि माझं पत्र फुकट जात नाही असा माझा लौकिक होता. मी लिहिलं. आई अंथरुणाला खिळली आहे. तिची शुद्ध अधूनमधून हरपते. शुद्धीवर आली की ती एकच नाव घेते. तिच्याजवळ फार थोडे दिवस उरले आहेत.

त्याने दोनदा वाचलं. “दोना, ती अंथरुणाला खिळलेली नाही. काल कोंबडीच्या मागे धावत होती.”

“मग कोंबडीचं लिहू?”

तो हसला नाही. “आईच्या मरणाचं खोटं लिहायचं?”

“तुला जायचंय ना?” मी म्हटलं. “मग सही कर.”

त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि सही केली. दहा दिवसांत परवानगी आली. मी घरी जाऊन नवऱ्याला फुशारकीने सांगितलं की बघ, माझं पत्र.

नोव्हेंबरात, निघायच्या आदल्या दिवशी, तो पॅथॉलॉजीच्या काचेशी आला. धुऊन वाळवलेला तुंबा त्याने खिडकीतून आत सरकवला. “घरी पुष्कळ आहेत. हा इथला. आलो की दे.” काचेच्या दोन्ही बाजूंना मास्क. त्याचे फक्त डोळे दिसत होते आणि ते हसत होते, हे मी आजही शपथेवर सांगेन.

तो पोचला. दहा दिवस द्राक्षांच्या शेडमध्ये एकटा राहिला आणि आईने अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकली. त्याने फोटो पाठवला होता, दोघांच्या हातात दोन वेगळे तुंबे. अकराव्या दिवशी दुसरा फोटो आला, त्यात एकच तुंबा होता. मी तो सगळ्या डिपार्टमेंटला दाखवत फिरले.

परतीची विमानं रद्द होत राहिली. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये तिकडे दक्षिणेत साथ उसळली. जवळच्या शहरातल्या हॉस्पिटलला माणसं पुरत नव्हती, स्ट्रेचर ओढायला कुणी तयार नव्हतं. हा गेला. जाणारच. तीन आठवडे त्याने काम केलं आणि चौथ्या आठवड्यात त्याच साथीने त्याच हॉस्पिटलात तो वारला. त्याच्या भाचीचा मेसेज आला तेव्हा मी रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावत होते. मी उरलेली सगळी लेबलं लावली आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

“तू पत्र लिहिलंस, आजार नाही पाठवलास,” नवरा म्हणाला. खरं आहे ते. पण मी ते खोटं लिहिलं नसतं तर तो इथेच पट्ट्यांच्या मध्ये बसून राहिला असता, चिडचिड करत, पण जिवंत. मी म्हातारीला कागदावर मारलं होतं आणि म्हातारी जिवंत होती. हे मी कुणाजवळ बोलले नाही.

दोन वर्षं तुंबा माझ्या कपाटात होता. मग मी रजा टाकली आणि तो घेऊन निघाले. नवरा येतो म्हणाला, मी नको म्हटलं. तीन विमानं आणि एक बस झाल्यावर मी त्या गावात उतरले. जागा लगेच ओळखली, पण मापं सगळी चुकलेली. त्याचा पूल म्हणजे चार पावलांची मोरी निघाली. चढ तर त्याने सांगितला त्याच्या निम्माही नव्हता. दुकानासमोर कुत्रा होता, पण तो चारी पायांवर नीट चालत होता. पायरीवर मात्र खरोखरच म्हाताऱ्या बसल्या होत्या. लबाड, इतकी वर्षं आम्हाला फिरवलंस, असं मी मनात म्हणत होते आणि निळं फाटक दिसलं तेव्हा मी पिशवीतून तुंबा बाहेर काढला.

आई नव्वदीला टेकलेली, माझ्या खांद्याएवढी. भाची शाळेत इंग्रजी शिकवते, तिने ओळख करून दिली. म्हातारीने तुंबा हातात घेतला, अंगठ्याने आत चाचपला, वास घेतला. फार दिवस कोरडा राहिला की तुंब्याला आधी भिजवावं लागतं. तिने त्यात जुनी पानं आणि गरम पाणी भरून तो चुलीजवळ ठेवला. “उद्या,” भाची म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले. म्हातारीने फळीवरच्या मेरीमातेच्या मूर्तीमागून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. माझंच पत्र, त्याने बरोबर नेलेलं. “आजी म्हणते, हे तुम्ही लिहिलंय. वाचून दाखवा,” भाची म्हणाली. “मी वाचून दाखवते म्हटलं तर नको म्हणते.”

मी वाचू लागले. भाची एकेक वाक्य तिच्या भाषेत सांगत होती. अंथरुणाला खिळल्याच्या वाक्यापाशी मी थांबले. मी कागद खाली ठेवला. “त्यांना सांग, हे खोटं मी लिहिलं. त्याचं यात काही नाही. तो नको म्हणत होता. मी लिहिलं म्हणून तो आला आणि आला म्हणून गेला.”

भाचीने सांगितलं. म्हातारीने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग ती काही बोलली आणि भाची थांबत थांबत म्हणाली, “आजी म्हणते, तिला माहीत आहे. मामाने आल्यावर पहिल्यांदा हेच सांगितलं. शेडच्या दारातून ओरडून सांगितलं. आजी इतकी हसली की खुर्चीवरून पडता पडता राहिली. नंतर तो रोज सकाळी अंगणातून विचारायचा, आज शुद्धीवर आहेस का? आणि ती ओरडायची, नाही.”

म्हातारी आणखी काही बोलली. “आजी म्हणते, नऊ वर्षं तो नव्हता. मग चार महिने होता. ते तुम्ही दिलेत. पुढचं कुणी दिलं ते ती देवाला विचारणार आहे, तुम्हाला नाही.”

मला रडू आवरेना. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं नाही, बहुधा मुद्दामच. तिने तुंब्यातली भिजलेली पानं काढली, नवी भरली, नळी बसवली, किटलीतलं पाणी घातलं. पहिला तिने स्वतः ओढला, डोळे मिटून, तोंड वाकडं करून, अगदी त्याच्यासारखं. मग पुन्हा भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

नळी तिच्या ओठांनी ओली होती. मी तशीच तोंडाला लावली. तीन घोट घेतले आणि तुंबा परत द्यायला हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. मान हलवून एकच शब्द म्हणाली. तो शब्द मी बाकावर त्याच्या तोंडून कितीतरी सकाळी ऐकला होता, मला भाचीची गरज पडली नाही.

मी तुंबा पुन्हा तोंडाला लावला. चुलीतलं लाकूड जळत होतं, बाकी काही आवाज नव्हता. घोट घोट करत मी तळापर्यंत आले, आणि मग तुंबा घोरला.