नुसती चव

माझ्या सुनेच्या हाताला चव आहे हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं, आणि तरीही तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यात कधी कसूर केली नाही. सासू आहे मी, ते माझं कामच. पण ती ज्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण आहे, तिथले कामगार ताट चाटूनपुसून खातात आणि वर खिडकीत डोकावून विचारतात, “ताई, आज रश्श्यात काय घातलं होतं?” भांडी घासण्यापासून सुरुवात करून तिनं हा मान मिळवलाय.

सहावा महिना लागला आणि तपासणीत साखर निघाली. गरोदरपणातला मधुमेह. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “घाबरू नका, पण जपा. नाहीतर बाळ पोटात नको तेवढं वाढतं, आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम खाली येऊ शकते.” मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. ही मात्र सरळ म्हणाली, “काय खाऊ ते सांगा.”

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी सांगितलं ते सगळं तिनं केलं. भात थोडा, डाळ, अंडी आणि भाज्या जास्त, थोडं थोडं पण वेळेवर खाणं, जेवल्यावर फेरी मारणं. चहातली साखर गेली. आमचे चिरंजीवही तिच्या जोडीनं बिनसाखरेचा चहा पिऊ लागले, चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा.

तरी साखरेचा आकडा काही ऐकेना. सकाळी उपाशीपोटी ठीक असायचा आणि दुपारी जेवणानंतर वर चढायचा. हिनं भात आणखी कमी केला, मग बंदच केला. आहाराच्या बाई चिडल्या. “उपाशी राहून भागत नाही. बाळानं काय खायचं मग? मधे काही खाता का तुम्ही?”

“काहीसुद्धा नाही!”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी आठवडाभर पाहू, नाहीतर इन्सुलिन सुरू करू, त्यात वाईट काही नाही. ही सुईला घाबरणारी नव्हेच. पण घरी आल्यावर म्हणाली, “आई, घेईन मी सुई. पण माझं चुकतंय कुठं? माझ्यामुळे बाळाला काही झालं तर?” एवढं बोलून ती रडली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मधल्या वेळच्या खाण्याचा डबा घरीच विसरली. मी तो घेऊन कॅन्टीनवर गेले आणि दारातल्या स्टुलावर बसले. आत वाफ, पातेल्यांचा खडखडाट. ही पळीतला रस्सा तळहातावर घ्यायची आणि चाटायची. बटाट्याची फोड शिजली का पाहायला एक तोंडात. भाताची शितं. मग कस्टर्डचा चमचा, साखर ढवळून आणखी एक चमचा. कामगारांच्या चहाचा घोट. पुन्हा रस्सा.

“अगं, हे काय चाललंय?”

“काय?”

“खातेयस की सारखी!”

“खातेय कुठं? नुसती चव बघतेय.” आणि चमचा तोंडाशी नेता नेता तिचा हात थांबला. माझ्याकडे पाहत राहिली. “अगंबाई,” एवढंच म्हणाली.

आता चव बघायची कोणी? तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. “आयुष्यभर चवीला नावं ठेवलीत ना? चला आत.”

पहिल्याच दिवशी मी सवयीनं “मीठ कमी” म्हणून बसले, आणि तिनं विश्वासानं घातलं. रस्सा खारट झाला, ताटं परत आली. हिच्या स्वयंपाकाची ताटं परत! खिडकीतल्या माणसांसमोर तिनं मान खाली घातली नाही. “आज माझं चुकलं, उद्या या,” म्हणाली. मग आत येऊन मला म्हणाली, “आई, टोमणा नकोय. चव सांगा.”

तेव्हापासून मी खरं सांगू लागले. ती नुसत्या वासावर अन् रंगावर अंदाज बांधायची, मी चाखून हो-नाही म्हणायची. तिच्या तोंडात थेंब गेला नाही. वेळ झाली की डबा उघडून जेवायची, भातही पुन्हा घेऊ लागली. दुपारचा आकडा उतरला आणि उतरलेलाच राहिला. खुशाल सांगते, मला एवढा अभिमान पोरगा नोकरीला लागला तेव्हाही वाटला नव्हता.

मुलगी झाली. वजन अगदी हवं तेवढं. नर्सनं तिच्या टाचेला टोचून साखर पाहिली आणि म्हणाली, “छान आहे.” सुनेनं डोळे मिटून श्वास सोडला.

शेजारच्या खाटेवर साखरेसाठीच दाखल झालेली एक गरोदर बाई होती. नवऱ्याला रडून सांगत होती, “देवाशपथ, मी वेगळं काही खात नाही हो!” आमची सून बाळाला पाजता पाजता तिकडे वळली.

“ताई, घरी मुलं आहेत?”

“तीन.”

“त्यांच्या ताटात उरलेलं कोण संपवतं?”

ती बाई रडायची थांबली. नवऱ्याकडे पाहिलं, मग आमच्या सुनेकडे. “ते... टाकवत नाही ना,” ती हळूच म्हणाली.