फळ्याचा उजवा कोपरा

फोन आला तेव्हा मी डाळिंब्या सोलत बसले होते. साजगावहून विजूताईच्या यजमानांचा फोन. एरवी ते कधी स्वतः फोन करत नाहीत, तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं. "नलूताई, पहाटे विजू गेली. छातीत दुखतंय म्हणाली, पाणी मागितलं, आणि..." फोन ठेवला आणि मी पुन्हा डाळिंब्या सोलायला लागले. हात सोलत होते, सालं एकीकडे, डाळिंब्या एकीकडे. वाटीभर झाल्यावर लक्षात आलं, अगं बाई, मी निघायला नको का? मग मात्र रडू आलं ते थांबेना.

विजूताई आणि मी कर्जतच्या पुढे, कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरच्या एका शाळेत बरोबर शिकवत होतो. शाळा म्हणजे एक मोठी खोली, एक व्हरांडा आणि पावसात गळणारं स्वयंपाकघर. चार इयत्ता, दोन बाया आणि फळा मात्र एकच! डावीकडचा अर्धा माझा, गणिताचा, उजवीकडचा तिचा. पोरं खाली बस्करावर बसायची, निम्मी गावातली, निम्मी वरच्या ठाकरवाडीतली. मी शिस्तीची आणि तोंडाची फटकळ. ती शांत, पण एकदा 'नाही' म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी हलायची नाही. आमचं जमलं कसं, याचं लोकांना नवल वाटायचं. मलाही वाटतं.

तर तिनं एक खूळ काढलं होतं. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूनं चौकट आखायची आणि ती पोरांना द्यायची. रोज एकाची पाळी. ज्याची पाळी त्यानं तिथं हवं ते काढावं, लिहावं. नियम दोनच. ज्यानं काढलं त्यालाच पुसता येईल, आणि दुसऱ्यानं त्यात हात घालायचा नाही. बाईंनीसुद्धा नाही. आता मला सांगा, भागाकार खाली खाली उतरतो, त्याला जागा लागते की नाही? तिचा कोपरा गेला की तिचे धडे सरकायचे माझ्या बाजूला, आणि माझा भागाकार फळ्याच्या लाकडी पट्टीवर जाऊन आपटायचा. एखादं पोर तापानं घरी पडलं की त्याचं चित्र चार-चार दिवस तसंच. मी करवादायची, "विजूताई, पुस की गं ते! पोरगं काय तिथं राखण ठेवून गेलंय?" ती म्हणायची, "नलू, ते आलं की पुसेल. तू आकडे बारीक काढ."

आणि त्या कोपऱ्यात यायचं तरी काय? दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध सूर्य, एक झोपडी, एक नदी, एक नारळाचं झाड. आज एकाचे दोन डोंगर, उद्या दुसऱ्याचे दोन डोंगर. खिडकीतून समोर आमचा डोंगर दिसतोय, वरून करवतीनं कापल्यासारखा सपाट, आणि पोरं त्याच्याकडे पाठ करून त्रिकोण काढतायत! थोरल्या भावाच्या वहीत तसे होते, त्याला कुणी तसे शिकवले होते, आणि डोंगर असेच काढायचे असतात असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. वर्षाचा पूर्वार्ध असाच गेला. मी म्हटलं, "झालं का समाधान? आता दे मला माझी जागा." विजूताई कुणाला रागावली नाही, छानही म्हणाली नाही. प्रत्येकाला तिचा एकच प्रश्न असायचा, "तू हे कुठं उभा राहून पाहिलंस?" पोरं गप्प. ती म्हणायची, बरं, उद्या सांग.

मग यमीची पाळी आली. यमी वाडीतली. घरची बोली वेगळी, वर्गात पोरं हसतील म्हणून तोंड उघडायची नाही. तिनं खडू घेतला आणि नुसते गोल काढले. लहान, मोठे, वेडेवाकडे गोल. पोरं खिदळायला लागली, "बाई, ह्ये बटाटं हायेत!" विजूताईनं नेहमीचा प्रश्न विचारला. यमी म्हणाली, "बांधावर उभी व्हते. खाली वाकून बघत व्हते. मुठ्याची बिळं हायेत." पावसाळ्यात शेतातले मुठे, म्हणजे छोटे खेकडे, धरायला इथली सगळीच पोरं जातात. पोरांचं खिदळणं थांबलं, कारण वरून पाहिलं की बिळं तशीच दिसतात हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण ठाऊक असलेलं काढायचं असतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर कोपरा पालटला. एकदम नाही, हळूहळू. कुणी एसटीच्या मागच्या सीटवरून दिसणारी माणसांची डोकी काढली. एकानं गवताचा भलामोठा भारा काढला आणि खाली नुसते दोन पाय. ती त्याची आई होती. आणि मला खरं चकित केलं ते निबंधानं. 'माझी आई' म्हटलं की सगळ्यांची आई सकाळी लवकर उठायची आणि सगळ्यांवर खूप माया करायची. त्या वर्षी याच भाऱ्यावाल्यानं लिहिलं, 'माझी आई वाटेनं माझ्याशी बोलत नाही, कारण बोललं की भारा हलतो.' मी ते वाक्य दोनदा वाचलं. विजूताईकडे पाहिलं, तर ती खाली मान घालून पाढे तपासत होती. हो, पाढेही ती माझ्याइतकेच घोकून घ्यायची. "मोकळीक दिली म्हणजे पाठांतर सोडलं असं नाही गं," म्हणायची, "हातात काही असेल तर पोर त्याचं काही करील ना?"

एकदा तपासणीला साहेब आले. फळ्यावर सुवाच्य अक्षरात सुविचार, तारीख, पट, आणि कोपऱ्यात तिसरीतल्या पोराचा लंगडा बैल. "हे काय गिचमीड?" म्हणत साहेबांनी डस्टर उचललं. विजूताई मधे जाऊन उभी राहिली. "साहेब, ते ज्याचं आहे त्याला विचारावं लागेल." मी मनात म्हटलं, संपलं आता! साहेबही हट्टाला पेटले. पोराला उभं केलं, "पुसू का रे?" विजूताईकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. म्हणालं, "नाय. आजून शेपूट राह्यलंय." साहेबांनी डस्टर ठेवलं. शेऱ्यात मात्र फळ्याच्या स्वच्छतेबद्दल लिहून गेलेच. विजूताईनं तो शेरा वाचला आणि पोराला म्हणाली, "चल, शेपूट काढ."

निवृत्त झाल्यावरही ती दर गुरुवारी साजगावहून शाळेत यायची. नवे अमोल सर समजूतदार, त्यांनी कोपरा चालू ठेवला. मीही कधीमधी जायची. शेवटच्या गुरुवारी मी तिथंच होते. पोरांनी गलका केला, "बाई, आज तुमची पाळी!" इतक्या वर्षांत तिनं पोरांसमोर एक रेघ ओढली नव्हती. "मी काढलं की उद्यापासून सगळी तेच काढतील," असं म्हणायची. त्या दिवशी का कोण जाणे, तिनं खडू घेतला. तिनं गोल काढले, ओळीनं, आणि प्रत्येक गोलावर मधोमध एक रेघ. पोरं हसून लोटपोट. मागून ठकू नावाच्या पोरीनं विचारलं, "बाई, कुठं उभ्या व्हत्या?" विजूताई खुदकन हसली. "इथंच की गं. तुम्ही खाली मान घालून लिहिता ना, तेव्हा मला नुसते तुमचे भांग दिसतात." मग काय, यातला मी कुठला, ती कुठली, नुसता कल्ला! पुढे बसणाऱ्या पोरांच्या दोन ओळी काढून झाल्या आणि खिचडीची घंटा झाली. "मागची डोकी पुढच्या गुरुवारी," म्हणत तिनं पदराला हात पुसले.

तो गुरुवार आला नाही...

शाळेत शोकसभा झाली. सरांनी फळ्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, तर शेवटची अक्षरं दाटीवाटीनं चिरडलेली. पोरांनी कोपऱ्याला हात लावू दिला नव्हता. ज्यानं काढलं त्यानंच पुसायचं, आणि पुसणारी तर गेली. सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आता मी काय करू?"

परवा पुन्हा गेले. कोपरा तसाच. खडू आपोआप झडतोय, पहिल्या ओळीतले भांग फिके झालेत. ठकू मागच्या बस्करावर बसते. ती म्हणाली, "बाई, माझं डोकं राह्यलंय." मी म्हटलं, "मग काढ की तू." ती माझ्यावरच डाफरली, "त्यात हात घालायचा नाय!" आणि खडू घेऊन सरळ फळ्याच्या डाव्या टोकाला गेली. माझ्या बाजूला! तिथं तिनं चौकट आखली. ओळीनं डोकी काढली, पण पाठीमागून, वेण्यांसकट. आणि त्यांच्या पलीकडे, लांब, एक बारीकशी बाई, फळ्याकडे तोंड केलेली, एक हात वर. आयुष्यात पहिल्यांदा मी तो प्रश्न विचारला, "ठकू, कुठं होतीस गं तू?"

"मागं बसले व्हते. इथनं बाईंची पाठ दिसत व्हती."

मी जाऊन तिच्या बस्करावर बसले. सरांनी दोन कोपऱ्यांच्या मधे उरलेल्या पट्टीत भागाकार मांडला. आकडे बारीक काढले, एकेक पायरी उतरत खाली आले, आणि लाकडी पट्टीच्या जरा वर बाकी शून्य आली.

मावला गं, विजूताई.