शबाना फोन उचलत नाही

पाण्याच्या टेबलापाशी शबाना थांबली, तशी मी टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. ही तर पळता पळता पाणी पिणारी! कॅमेरा पुढच्या बायकांकडे वळला, तो वळलाच. जागतिक स्पर्धेतली मॅरेथॉन संपली, तरी आमची शबाना परत दिसली नाही. तेव्हापासून मी इथं नांदेडात फोन लावून राहिलेय. रिंग जाते, उचलत कुणी नाही. आणि तिचे किस्से असे की, नको तेव्हाच गर्दी करतात.

लातूरला क्लाससाठी आम्ही एका खोलीत राहायचो. ती पहाटे गच्चीवर पळायची. पहिल्याच दिवशी मांडणीतली ताटं थरथरली. भूकंपातून वाचलेल्या घरची मी! ओरडतच जिना उतरले, मागं अख्खं होस्टेल. मेसच्या मावशी तर कुकर कडेवर घेऊन! शबाना वरून वाकून म्हणाली, "एवढ्या जणी प्रॅक्टिसला?"

फिजिक्सच्या सरांनी एकदा तिला उभं केलं. "डॉक्टर व्हायला पळावं लागतं का?"

"तुमच्या क्लासात पुढचा बेंच धरायला लागतं, सर!"

सरांनी कायमचा पुढचा बेंच दिला. तिथं ती झोपायची!

तिचे अब्बा कंधारला टेलर. पहिल्या स्पर्धेसाठी त्यांनी ट्रॅकपँट शिवली, तिला चांगले चार खिसे. पळताना खिसे कशाला, तर म्हणाले, "भाडा रख. थक गई तो एस्टीसे आ जाना!"

पुढं तिला देशाच्या संघाच्या कॅम्पचं बोलावणं आलं. नांदेडला रेल्वेत बसवून द्यायला गेले आणि बोलता बोलता पुढचं स्टेशन, मुदखेड आलं. टीसी म्हणाला, "तुम्हाला कुठं जायचंय, मॅडम?" माझ्याआधी शबानाच बोलली, "सोडायला आली हाय, पण सोडंनाच की!"

परतताना शेजारची जागा रिकामी होती. तिथं मी पिशवीसुद्धा ठेवली नाही.

आत्ता अब्बांना फोन लावला. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "बेटा, तुझको कुछ मालूम?"

पुन्हा शबानाचा नंबर लावला. रिंग चालू होती, ती मधेच थांबली. मी दचकले, फोन हातातून पडला! उचलून कानाला लावला. पलीकडे गलका, कुठल्याशा भाषेतली अनाउन्समेंट, आणि अगदी जवळ कुणाचा तरी श्वास.

"शबाना?"

"हाव, मीच. अंजे, कोण रडून राहिलंय, तू का मी?"